मायचा आवाज आपोआप सुरू होतो

आमच्या शिवारातली रानडुकरं वाघाला भीत नाहीत. माझ्या मायला भितात.

हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, दोघांचीही रीतसर चाचणी घेऊन सांगतो. अड्याळच्या अलीकडे आमचं गाव, गावाच्या टोकाला आमचं घर आणि मागच्या दाराने निघून थोडं चाललं की आमची धानाची बांधी. धान लोंबीवर आलं की डुकरांचं वऱ्हाड येतं. (वऱ्हाड निदान जेवून निघून जातं. ही मंडळी जेवतात, लोळतात आणि पिल्लांना धान कसं तुडवायचं याचं रीतसर शिक्षण देऊन मग निघतात.) फटाके झाले, डबे बडवून झाले. शेवटी गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा एकमेव विद्वान म्हणून मी पुढाकार घेतला. दुकानातला एक म्हातारा कॉम्प्युटर घरी आणून धान्याच्या कोठीत ठेवला, तिथून बांधीपर्यंत वायर ओढली, बांबूवर भोंगा चढवला आणि त्यावर वाघाची डरकाळी लावली.

पहिल्या दिवशी डुकरं पळाली. सोबत अर्धं गाव पळालं. बाबांनी तर बांधीकडे जायचंच सोडलं. डरकाळी मी लावली आहे, हे त्यांना माहीत होतं. पण खरा वाघ तीच संधी साधून मध्ये घुसला तर ओळखायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. डुकरांना मात्र लवकरच कळलं की हा वाघ रोज तेवढंच बोलतो आणि बांबूवरून खाली कधी उतरत नाही. एक डुकरीण त्याच बांबूच्या सावलीत पिल्लांना पाजत पडलेली मी स्वतः पाहिली. भोंगा डरकाळी फोडत होता आणि ती डोळे मिटून ऐकत होती. अंगाईगीतच म्हणा ना!

नेमकी तेव्हा माय मला शोधत बांधीवर आली. बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून तिने "होम्याऽऽ" अशी एकच हाक मारली. (माझं नाव होमराज. पण ते फक्त आधार कार्डावर.) डुकरीण उठली, पिल्लं उठली, धानात लपलेला सगळा कळप उठला आणि नाला ओलांडून जो गेला तो दिसेनासा झाला. शेजाऱ्याच्या बैलाने दावं तोडलं. माझे पायही माझी परवानगी न घेता घराकडे निघाले होते. पण चालता चालता माझ्या डोक्यात किडा वळवळला.

आता मायला "माय, डुकरांसाठी जरा ओरड" असं सांगायची हिंमत आमच्या कुळात कोणाची नाही. म्हणून मी शर्टाच्या खिशात मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवला, मोटरसायकल काढली आणि अंगणात वाळत घातलेल्या तिच्या कोहळ्याच्या वड्यांवरून नेली. पुढे जे झालं ते मोबाइलची जागा भरत येईपर्यंत रेकॉर्ड झालं. मायने मध्ये श्वास घेतल्याचा कुठे आवाज सापडत नाही. मी शोधला.

भोंग्यावरून तो आवाज सुटला तेव्हा बांधी अशी रिकामी झाली की बेडूकसुद्धा उरले नाहीत. भोंग्याचं तोंड जंगलाकडे होतं, म्हणून घरात शब्द कळत नसत. नुसता सूर यायचा, पत्रा कापत असल्यासारखा. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात ते खरं आहे. पहिल्या संध्याकाळी माय चुलीपाशी बसून कान देऊन ऐकत होती.

"कोन बाई आहे रे ते?" तिने विचारलं.

"इंटरनेटवरची आहे," मी म्हणालो.

"बाप्पा! कसा आवाज तो. तिच्या घरचे लोक कसे दिवस काढत असतीन?"

बाबा ताटात बघत राहिले. मी पाणी प्यायलो. तेव्हापासून त्या घरात आम्ही दोन पुरुष जीव मुठीत धरून राहू लागलो. तिला एक ना एक दिवस कळणार, एवढंच ते भय होतं. पण ते आमच्यासोबत जेवायला बसायचं आणि झोपायला यायचं.

पण भानगड अशी की कॉम्प्युटर म्हातारा. आवाज लावणारा प्रोग्रॅम मधेच मान टाकायचा. एकदा तो असाच मेला आणि डुकरांनी बांधीचा एक कोपरा साफ केला. त्यावर माय जे बोलली ते रेकॉर्डिंगपेक्षा सरस होतं. पण मोबाइल खिशात नव्हता. मग मी तो प्रोग्रॅम सर्व्हिस करून टाकला. सर्व्हिस म्हणजे पडद्यावर न दिसता मागच्या मागे चालणारं काम. आमच्या घरात बाबा आहेत तसं. कॉम्प्युटर सुरू झाला की ती आपोआप सुरू होते. कोणी बटण दाबायला नको, पासवर्ड नको. मग कॉम्प्युटर विचारतो : ही पहिल्यांदा पडली तर काय करू? मी लिहिलं, पुन्हा सुरू कर. दुसऱ्यांदा पडली तर? पुन्हा सुरू कर. त्यानंतरही पडली तर? 'काही करू नका' असाही एक पर्याय तिथे होता. शहाण्या माणसाने तो निवडला असता. मी निवडलं : अख्खा कॉम्प्युटर बंद करून नव्याने चालू कर. वर आणखी एक शहाणपण केलं. रात्री लाईन गेली आणि आली तर कॉम्प्युटरने स्वतःहून उठावं, अशीही सोय करून ठेवली. आता माझ्या मायचा आवाज जगातली कोणतीही शक्ती बंद करू शकत नव्हती. मी अभिमानाने छाती फुगवून झोपलो.

आणि मग माझं लग्न ठरायची वेळ आली.

ठरायची वेळ याआधीही आली होती. बऱ्याचदा. मुलगा बरा आहे, दुकान आहे, बांधी आहे, इथपर्यंत सगळं सुरळीत जायचं. मग मुलीकडचे गावात चौकशी करायचे, सासू कशी आहे? गावकरी बिचारे खोटं बोलत नसत. ते काहीच बोलत नसत. फक्त एकमेकांकडे बघत. पाहुणे तेवढ्यावरूनच गाडी वळवायचे. या वेळी आंधळगावचं स्थळ होतं. मुलगी प्रणिता, भंडाऱ्याला एका पतसंस्थेत नोकरीला. आम्ही एकदा भेटलो होतो आणि मला ती इतकी आवडली होती की मी घरी आल्यावर मायला न विचारता दुसऱ्यांदा भात घेतला होता. तिचीही ना नव्हती. तिच्या आजीची अट मात्र एकच होती : घर आणि सासू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणे-सोयरे येतात, निम्म्या सोयरिकी त्याच दिवशी जुळतात. त्या दिवशी आजी आणि मुलीचे मामा येणार होते. हे स्थळ गेलं असतं तर पुढचं स्थळ म्हणजे थेट पुढच्या जन्मी.

मायलाही ते कळत होतं. तिने हळू बोलायचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी ती बाबांना इतक्या मऊ आवाजात "जेवाले चाला जी" म्हणाली की बाबा घाबरून डॉक्टरला बोलवायला निघाले. पण बाईने चिकाटी सोडली नाही. मंडईच्या सकाळपर्यंत तिचा आवाज साखरेच्या पाकासारखा झाला होता. मी सकाळीच कॉम्प्युटर नीट बंद केला. मंडईच्या मंडपासाठी भोंगा गावकरी घेऊन गेले होते, म्हणून मोकळी झालेली वायर मी, कॉम्प्युटरकडचं टोक तसंच ठेवून, बैठकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि दोन मोठ्या बॉक्सला जोडली. त्यालाच मोबाइल जोडून मंद सनई लावायची, पाहुण्यांवर छाप पाडायची, असा बेत. अ‍ॅम्प्लिफायर दिसू नये म्हणून मायने त्यावर विणलेला रुमाल टाकला आणि त्याला टेकूनच खुर्ची मांडली. त्या खुर्चीवर आजी बसल्या.

आजी म्हणजे वाळलेली, ताठ, डोळे घारीसारखे. मामा मात्र मोकळे. त्यांनी आल्याआल्या मोबाइलवर प्रणिताचा व्हिडिओ कॉल लावला आणि तिला घर दाखवायला सुरुवात केली. सनई वाजत होती. माय अनारशांची ताटली घेऊन आली, डोक्यावर पदर, नजर खाली. "घ्या जी," असं इतक्या हळुवारपणे म्हणाली की आजींचे घारीचे डोळे चक्क मऊ झाले. मी मनात अक्षता टाकल्या.

तेवढ्यात लाईन गेली. सनई थांबली. आणि लाईन आली.

मी पंख्याकडे बघत होतो. तो फिरू लागला. बरं वाटलं. मग कोठीतून कॉम्प्युटर जागा झाल्याची बारीक बीप ऐकू आली.

"आला का? आला का पुन्हा गिळाले? काहून आला रे इथं? तुह्या बापाचं घर आहे का हे?"

दोन्ही बॉक्समधून, एक डावीकडून, एक उजवीकडून. बैठकीच्या भिंती हलल्या. मामांच्या हातातला अनारसा खाली पडला. बाबा सवयीने खुर्चीवरून उठले आणि "हाव, आनतो" म्हणत दाराकडे निघाले. पण खरं भयंकर दृश्य वेगळंच होतं. माय पाहुण्यांच्या पुढ्यात ताटली धरून उभी होती. ओठ मिटलेले, चेहऱ्यावर हसू. आणि तिचा आवाज चारही बाजूंनी येत होता! आजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

मी कोठीत धावलो. तिथे नव्या, लवकर कापणीला येणाऱ्या हलक्या धानाची पोती छतापर्यंत रचलेली. कॉम्प्युटरचा डबा, प्लग, बटणं सगळी पोत्यांच्या मागे. बाहेर फक्त पडदा, कीबोर्ड आणि माऊस. आता खरं म्हणजे सर्व्हिसला रीतसर 'थांब' सांगितलं की ती थांबते. आज्ञाधारक असते. पण मला इतकी घाई झाली होती की मी तिला 'थांब' न सांगता सरळ मारून टाकली. आणि मारलेली सर्व्हिस कॉम्प्युटरच्या लेखी अपघातात गेलेली असते. तो तिला उठवतो. मीच सांगून ठेवलं होतं ना!

आवाज थांबला. मी बैठकीत आलो. तिथे माय पाहुण्यांना समजावत होती.

"घाबरू नोका जी. ते होमराजच्या कॉम्प्युटरातली बाई आहे. डुकरायसाठी लावते तो. कोनाची बाई आहे कोन जाने. आमाले तिच्या घरच्यायची लय कीव येते."

आजींनी श्वास सोडला. मामा हसले. मोबाइलमधून प्रणितासुद्धा हसली. मी पुन्हा अक्षता टाकणार, एवढ्यात—

"आला का? आला का पुन्हा गिळाले?"

पळालो. मारली. पण या वेळी ती जरा पुढचंही बोलून गेली होती : "खाऊन खाऊन सुजला, काम म्हनलं का तोंड लपवते!" परत आलो तर मामा हातातला दुसरा अनारसा खावा की ठेवावा या विचारात होते. त्यांनी तो ठेवला. आजी मायच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या आणि मायचं हसू आता थोडं ताणलं गेलं होतं. पाकात मुंगी पडल्यासारखं.

तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा आजी तो मजकूर सोबत पुटपुटायला लागल्या होत्या. मी कोठीत शिरून शेवटचा घाव घातला. पडदा काळा झाला. अख्खा कॉम्प्युटर बंद पडला. शांतता. अशी गोड शांतता की दूर मंडईत पाळणा फिरत होता त्याची करकर ऐकू येत होती. मला इतका आनंद झाला की पर्याय क्रमांक तीन मी स्वतःच निवडला होता, हे माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं. मी चहाचा ट्रे उचलला, केसांवरून हात फिरवला आणि जावयासारखा चालत बैठकीत आलो.

"बंद केलं एकदाचं," मी आजींपुढे कप धरत म्हणालो. "आता नाही येनार ते."

कोठीतून बारीक बीप ऐकू आली.

ट्रे हातात असलेला माणूस पळू शकत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवावं तर मध्ये आजी. मी तसाच उभा राहिलो आणि मायचा आवाज नव्याने, ताज्या दमाने सुरू झाला. गिळाले आला. बापाचं घर. खाऊन सुजला. आजींनी मान डोलावली, एवढं त्यांचं पाठ झालं होतं. मग ते वाक्य आलं, जे आजवर फक्त जंगलाने ऐकलं होतं :

"होम्या! माह्या वड्यायवरून गाडी नेली तुनं? डोये फुटले का? तीस वर्साचा घोडा झाला, अन अंगनात वाळवन दिसत नाही तुले?"

बाबांनी डोळे मिटले. मायच्या हातातली ताटली हळूहळू खाली गेली. तिने आधी डाव्या बॉक्सकडे पाहिलं, मग उजव्या बॉक्सकडे, मग माझ्याकडे. मी आयुष्यात दोनदा साप पाहिला आहे, एकदा तर अंथरुणात. तो बरा होता.

"हे..." माय अगदी हळू म्हणाली, "हे मी आहो?"

ट्रे एका हातावर तोलत मी वाकून आजींच्या मागे हात घालायला गेलो, तोच मोबाइलमधून प्रणिता म्हणाली, "मामा, त्यायले बंद नका करू देऊ. मले पुरं ऐकू द्या."

आणि सगळ्यांनी पुरं ऐकलं. मामा मोबाइल बॉक्ससमोर धरून, आजी मान तिरकी करून, बाबा भिंतीला पाठ लावून. माझं शिक्षण, माझं दुकान, माझं उशिरा उठणं, लहानपणी पाटात पडलेलो ते, मोठेपणी पडलेलो ते, माझी दाढी, माझी चाल. काही म्हणता काही सोडलं नव्हतं. सगळ्यात शेवटी, माय वड्या गोळा करायला वळली असावी तिथे, एक पुरुषी आवाज कुजबुजला. माझाच होता. मी तो कापायचा विसरलो होतो.

"बस. डुकरायले एवढं पुरते."

"म्हंजे वड्यायवरून तुनं मुद्दाम नेली होती?" मायने विचारलं.

आणि सरावाचा तो सगळा पाक एका क्षणात जळून गेला. आतापर्यंत पाहुण्यांनी नक्कल ऐकली होती. आता अस्सल सुरू झालं. इकडे सर्व्हिसही पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली. एका कानात मागच्या महिन्यातली माय, दुसऱ्या कानात आजची. मी ट्रेसकट भिंतीला चिकटलो. घराबाहेर मंडईला चाललेली माणसं थबकली आणि रस्ता बदलून गेली. स्थळ गेलं, हे तर एव्हाना चहालाही कळलं होतं. त्यावर साय धरली होती. मी प्रणिताच्या चौकोनी चेहऱ्याकडे बघत मनातल्या मनात तिचा निरोप घेत होतो.

माय थकून थांबली तेव्हा तिला पाहुण्यांची आठवण झाली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि ती मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेलं माह्या पोराचं लग्न," ती म्हणाली. या वेळी सरावाची गरज नव्हती. आवाज आपोआप बारीक झाला होता.

आजी उठल्या. त्या उठल्या म्हणून रुमाल सरकला. त्यांनी वाकून अ‍ॅम्प्लिफायरचं बटण स्वतः फिरवलं आणि मोबाइलकडे वळल्या.

"काय वो पोरी? ऐकलं?"

"ऐकलं आजी. पयल्यापासून शेवटपर्यंत सगळं यायलेच बोलल्या. दुसऱ्या कोनाले एक शब्द नाही."

"तेच माहं म्हननं आहे," आजी म्हणाल्या. "आपल्या पोराची बाजू घेनारी सासू असन तं पोरीनं भ्यावं. हे बाई तं पोराले उभा सोलते. इथं पोरीले कायचं भेव?" मग त्या मायच्या शेजारी जमिनीवर बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "साखर आना जी. अन वड्या उरल्या असतीन तं त्या बी."

लग्न झालं. आजींचा अंदाज अगदी बरोबर निघाला. माय प्रणिताला आजवर उलट अक्षर बोललेली नाही. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही आणि दोघींचं एका बाबतीत पूर्ण एकमत आहे, ती बाब म्हणजे मी. या हंगामात भोंग्यावर नवं रेकॉर्डिंग लावलं आहे, दोघींच्या आवाजातलं. त्यासाठी मला वड्यांवरून गाडी न्यावी लागली नाही. मी फक्त दुकानातून घरी आलो. सर्व्हिसच्या सेटिंगला प्रणिताने पासवर्ड घातला आहे. तो मला माहीत नाही, विचारायची हिंमत बाबांनाही नाही. डुकरं तर शिवार सोडूनच गेली. त्यांचं काय, त्यांना जायला जंगल आहे. मला संध्याकाळी घरी यावं लागतं.